विश्लेषण : बंदरामुळे वाढलेल्या मुंबईतून बंदर का सरकत गेले?

शिवडीहून अटल सेतूवर गाडी चढली की हवा स्वच्छ असेल त्या दिवशी मुंबई बंदराचा बराचसा इतिहास पाच-दहा मिनिटांत नजरेखालून जातो. मागे शिवडीचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याची जुनी गोदामे, खाली रोहित पक्ष्यांची दलदल, उजवीकडे समुद्रात तेलवाहू जहाजांचे जवाहर द्वीप आणि पैलतीरी न्हावा शेवाच्या उंच क्रेनची रांग. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या या २१.८ किलोमीटरच्या पुलाने जे दोन किनारे जोडले, त्यातल्या एकाचा व्यापार दुसऱ्याने कधीच ओढून घेतला आहे. मागे उरली आहे ती जमीन. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची ही जमीन थोडीथोडकी नाही, १,८०० एकरांहून अधिक आहे. ती कुणाची, कशी झाली आणि आता तिचे काय करायचे, हा प्रश्न समजून घ्यायचा तर बंदराच्या मुळापर्यंत जावे लागते.

मुंबईआधी या किनाऱ्यावर बंदरे नव्हती का?

होती, आणि मुंबईपेक्षा कितीतरी मोठी होती. नालासोपाऱ्याजवळचे सोपारा हे सम्राट अशोकाच्या काळातही नावाजलेले होते. तिथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. कल्याण, ठाणे, चौल, पुढे पोर्तुगीजांची वसई ही सगळी खाडीकाठची बंदरे. गलबते लहान होती तोवर खाडीत शिरून आत सुरक्षित राहणे सोयीचे होते. पण खाड्या गाळाने भरत गेल्या आणि जहाजे मोठी होत गेली. सोपाऱ्याच्या बंदराच्या जागी आज शेते आणि इमारती आहेत. या किनाऱ्यावर बंदर एका जागी फार काळ टिकत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे. पुढची कथा त्याचीच आहे.

मुंबईची सात बेटे म्हणजे कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या वसईच्या तहात ती पोर्तुगीजांना दिली. पोर्तुगीजांचा जीव वसईवर होता, मुंबईत त्यांनी फारसे मन घातले नाही. १६६१ मध्ये कॅथरिन ऑफ ब्रॅगांझा आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाच्या करारात मुंबई आंदण गेली. राजालाही तिचे काय करावे ते कळेना. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

कंपनीला मात्र तिचे मोल कळले. बेटांच्या पूर्वेला, बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये, नैऋत्य मोसमी वाऱ्यांपासून आडोसा असलेले खोल पाणी होते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातही जहाज नांगरून ठेवता येईल अशा जागा मोजक्याच. सुरतेची तापी गाळाने भरत होती. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले.

मग शहर लगेच भरभराटीला आले का?

नाही. त्यानंतरची शंभर-सव्वाशे वर्षे मुंबई तशी अडलेलीच होती. घाटावर मराठ्यांचे राज्य, समुद्रात आंग्र्यांचे आरमार, आणि बेटांमध्ये भरतीचे पाणी शिरायचे. या काळात मुंबईने एक गोष्ट मात्र उत्तम केली, ती म्हणजे जहाजबांधणी. १७३५-३६ च्या सुमारास सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी मलबारी सागाची जी जहाजे इथे बांधली, त्यांना ब्रिटिश आरमारातही मागणी होती. १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. ‘कॉर्नवॉलिस’ची गोष्ट तर आणखी बोलकी. १८४२ मध्ये नानकिंगचा तह याच जहाजावर झाला आणि त्या तहाने हाँगकाँग हे बेट ब्रिटिशांच्या हाती गेले. ते युद्ध झाले होते अफूवरून, आणि त्या अफूतला मोठा हिस्सा माळव्यातून येऊन मुंबईच्याच धक्क्यांवरून चीनकडे रवाना होत असे. मुंबईतली किती देखणी रुग्णालये, शाळा आणि धर्मादाय संस्था या व्यापाराच्या पैशांतून उभ्या राहिल्या, याचा उल्लेख त्यांच्या कोनशिलांवर सहसा नसतो.

बेटे सांधण्याचे काम तुकड्यातुकड्याने झाले. महालक्ष्मीजवळचा हॉर्नबी वेलार्ड १७८० च्या दशकात पूर्ण झाला. कुलाब्याचा रस्ता १८३८ मध्ये झाला. माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये खुला झाला. त्यासाठीचे दीड लाखांहून अधिक रुपये अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिले होते. १८३० मध्ये बोर घाटातून गाडीरस्ता झाला आणि १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. घाट ओलांडता आला तेव्हा कुठे बंदराला पाठीमागचा मुलूख मिळाला. बंदर केवळ समुद्रामुळे चालत नाही, त्यामागे माल पिकवणारा प्रदेश लागतो. मुंबईसाठी तो प्रदेश म्हणजे खानदेश, वऱ्हाड आणि दख्खनचा कापूस.

हा कापूस अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१-६५) सोन्याच्या भावाला नेला. अमेरिकेचा कापूस लँकेशायरला मिळेना, म्हणून मुंबईचा माल वाट्टेल त्या भावाने उचलला गेला. आलेला पैसा समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांच्या समभागांत ओतला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि बाजार कोसळला. शिरगणतीतही तो फुगा दिसतो. १८६४ मध्ये शहराची लोकसंख्या ८ लाख १६ हजार होती, ती १८७२ मध्ये ६ लाख ४४ हजारांवर आली.

बंदराकडे एवढी जमीन आली कुठून?

आजच्या वादाची मुळे इथे आहेत. कापसाच्या तेजीत पूर्व किनाऱ्यावर भराव घालण्याचे काम एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी या खासगी कंपनीकडे होते. १८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडला आणि मुंबई युरोपला सर्वांत जवळचे मोठे भारतीय बंदर ठरले. अशा वेळी माल चढवण्या-उतरवण्याचे मोक्याचे धक्के एका खासगी कंपनीच्या हाती असणे सरकारला परवडणारे नव्हते. सरकारने १८७० मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि १८७३ मध्ये किनाऱ्याच्या कारभारासाठी मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना केली. खासगी मक्तेदारी मोडण्यासाठी घेतलेली जमीन अशी ट्रस्टकडे आली. पुढे ट्रस्टने स्वतः भराव घातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एकट्या माझगाव-शिवडी भरावातून साडेपाचशे एकरांहून अधिक जमीन समुद्रातून निघाली.

गोद्याही या काळातल्याच. ससून गोदी १८७५ मध्ये झाली. तिथे आज मासळी उतरते. त्यानंतर प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४ मध्ये सुरू झाली. मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक वर-खाली होते. उघड्या धक्क्याला लागलेले जहाज ओहोटीला चिखलात रुतायचे. म्हणून किनाऱ्यात हौद खणून त्याला दरवाजे बसवायचे, भरतीला जहाज आत घ्यायचे आणि दरवाजे लावून पाणी आत कोंडायचे, ही या गोद्यांची युक्ती. इंदिरा गोदीच्या प्रवेशमार्गाची रुंदी १०० फूट आहे. १९१४ मध्ये ती ऐसपैस होती.

गोदी खणताना निघालेल्या दगडमातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. १ जानेवारी १९१५ ला बंदराची स्वतःची रेल्वे सुरू झाली. शिवडीला कापसाची गोदामे गेली आणि त्या स्थानकाचे नाव ‘कॉटन ग्रीन’ पडले. शहराच्या पूर्व भागातल्या नावांत हा सगळा जमाखर्च अजून शिल्लक आहे : मस्जिद बंदर, कर्नाक बंदर, लकडी बंदर, कोळसा बंदर, हे बंदर, दारूखाना. भाऊचा धक्का हे नाव लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांचे. कुलाब्याच्या तोफगाडी कारखान्यात कारकून असलेल्या या गृहस्थाने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला शहरातला केरकचरा आणि भर वापरून किनाऱ्यावर धक्का बांधला. त्यांचा मूळ धक्का कर्नाक बंदराकडे होता. आज जिथून रेवस-मोराच्या लाँच सुटतात ती जागा नंतरची, नाव मात्र भाऊंच्याच मागे आले.

या बंदरात राबले कोण?

कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याहून बोटीने यायचे, माझगाव-डोंगरी-शिवडीच्या खोल्यांत दाटीने राहायचे, गिरणीत किंवा गोदीत लागायचे. बोट हाच मुंबईचा रस्ता होता आणि तो निर्धोक नव्हता. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकण रेल्वे येण्याआधीच ही बोटवाहतूक बंद पडली होती.

गोदीतले काम म्हणजे टोळीचे काम. सकाळी दरवाजावर उभे राहायचे. मुकादमाने बोट दाखवले तर मजुरी, नाहीतर घरी. पी. डिमेलो यांच्यासारख्या नेत्यांनी या कामगारांना संघटित केले. जॉर्ज फर्नांडिस मुंबईत तयार झाले ते याच गोदीच्या चळवळीत. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये आला आणि रोजच्या अनिश्चिततेला काहीसा आळा बसला. ज्या रस्त्यावर हे कामगार सकाळी रांगा लावत, त्या फ्रियर रोडला आज डिमेलोंचे नाव आहे.

बंदराच्या दाटीची किंमतही याच वस्त्यांनी मोजली. १८९६ मध्ये प्लेगचे पहिले रुग्ण सापडले ते गोदीला लागून असलेल्या, धान्याच्या कोठारांनी भरलेल्या मांडवीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ते ओळखले.

आणि १४ एप्रिल १९४४. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज कराचीहून येऊन व्हिक्टोरिया गोदीत लागले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या १२४ विटा होत्या. स्फोटके आणि कापूस एकत्र ठेवू नयेत हे साऱ्यांनाच ठाऊक होते, पण युद्धाची घाई होती. दुपारी कापसाने पेट घेतला. जहाज गोदीबाहेर न्यायचे की तिथेच बुडवायचे, यावर निर्णय होईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. शेजारचे ‘जलपद्म’ जहाज उचलून धक्क्यावर फेकले गेले. सोन्याच्या विटा शहरभर उडाल्या, काही पुढे कित्येक वर्षांनी गाळ काढताना मिळाल्या. मृतांचा अधिकृत आकडा आठशेच्या आसपास सांगितला जातो, प्रत्यक्षात तो याहून बराच जास्त असावा असे मानले जाते. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. आग विझवताना ६६ अग्निशमन जवान गेले. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ आहे.

मग बंदर मागे का पडले?

साध्या लोखंडी खोक्यामुळे. पन्नासच्या दशकात अमेरिकेत माल कंटेनरमध्ये भरून पाठवायला सुरुवात झाली आणि बंदर म्हणजे काय याची व्याख्याच बदलली. पूर्वी जहाज आठवडाभर गोदीत उभे असे आणि टोळ्या पोती, गाठी, पेट्या एकेक करून उतरवत. बंदराला गोदामे आणि माणसे लागत. कंटेनरला लागतात ते खोल पाणी, लांबलचक सरळ धक्का, मोठ्या क्रेन, मागे मैलोन्‌मैल मोकळे पटांगण आणि तिथून थेट महामार्ग वा रेल्वे. मुंबईकडे यातले काहीच पुरेसे नव्हते. शंभर फुटी दरवाजातून नव्या जहाजांचे अंग आत जाईना आणि आलेले कंटेनर डिमेलो रोडवरच्या वाहतूक कोंडीत अडकत.

म्हणून २६ मे १९८९ ला खाडीपलीकडे न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. सांगताना हे सोपे वाटते. नवी मुंबई आणि बंदरपट्ट्यासाठी जमिनी गेल्या त्या उरण-पनवेलच्या आगरी, कोळी शेतकऱ्यांच्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना या लढ्यातून आली. २०२३-२४ मध्ये या बंदराने ६४ लाखांहून अधिक कंटेनर (वीस फुटी एककात) हाताळले.

मुंबई बंदर त्यामुळे बंद पडले, असा समज मात्र चुकीचा आहे. आजही तिथून वर्षाला सहा कोटी टनांहून अधिक माल हलतो. पण त्यात मोठा वाटा जवाहर द्वीप आणि पिरपाव इथल्या कच्च्या तेलाचा आणि तेल उत्पादनांचा आहे, जो नळांतून जातो. शहराच्या धक्क्यांवर पोलाद, निर्यातीच्या मोटारी, थोडाफार सुटा माल येतो. बॅलार्ड पिअरला क्रूझ जहाजांसाठी नवे आंतरराष्ट्रीय टर्मिनल उभे राहिले आहे. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या समुद्रातल्या नव्या कंटेनर टर्मिनलला पटांगण हवे म्हणून बुजवण्यात आल्या. ते टर्मिनल रखडले आणि त्या धक्क्यांवर मोटारी चढू लागल्या. ज्या पाण्यात ‘फोर्ट स्टिकिन’ फुटले ते पाणी आता उरलेले नाही.

जमिनीचा वाद नेमका काय?

बंदराची जमीन केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहे. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेपट्टे आहेत : गोदामे, वखारी, कारखाने, चाळी, दुकाने. अनेक पट्टे कधीच संपले, भाडी जुनीच राहिली. बाजारभावाशी जोडून भाडेवाढ करण्याच्या प्रयत्नावरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये न्यायालयाने सूत्र मान्य करतानाच बजावले, की सार्वजनिक संस्थेने घरमालक म्हणून नफेखोरासारखे वागू नये. या जमिनीवर हजारो झोपड्याही आहेत. राज्याच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजना केंद्राच्या जमिनीवर आपोआप लागू होत नाहीत, त्यामुळे तिथल्या कुटुंबांना शहरात राहूनही शहराच्या योजनांबाहेर राहावे लागते.

२०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या किनाऱ्याच्या पुनर्विकासाचा अहवाल दिला. पूर्व किनारा लोकांसाठी खुला व्हावा, हा त्यामागचा विचार. मुंबईत दर माणशी मोकळी जागा किती तुटपुंजी आहे हे पाहता तो रास्तच होता. २०१८ मध्ये पोर्ट ट्रस्टलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले आणि साडेनऊशे हेक्टरांहून अधिक क्षेत्राचा प्रारूप आराखडा मांडला गेला. त्यावर हरकती आल्या, चर्चा झडल्या. २०२१ च्या कायद्याने ट्रस्टचे प्राधिकरण झाले. किनारा मात्र बऱ्याच अंशी होता तिथेच आहे.

यात खरी अडचण आराखड्याची नाही, हिशेबाची आहे. बंदराला निवृत्तिवेतनाचा भार आणि रोजचा खर्च भागवायला जमिनीतून उत्पन्न हवे. शहराला उद्याने, परवडणारी घरे आणि रस्ते हवेत. बांधकाम व्यवसायाला दक्षिण मुंबईतला समुद्राकाठचा शेवटचा मोठा तुकडा हवा. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे मुंबईने पाहिले आहे. मोकळी जागा, घरे आणि मालक असे तीन वाटे करायचे ठरले होते. नियमातल्या एका दुरुस्तीने पहिल्या दोघांचे वाटे आक्रसले. बंदराच्या जमिनीवर तसे होणार नाही, याची हमी अजून कोणत्याही कागदावर नाही.

बंदर आता कुठे निघाले आहे?

उत्तरेला, वाढवणला. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळच्या या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. किनाऱ्याजवळच वीस मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली मिळते, त्यामुळे जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजे तिथे लागू शकतील, असा दावा आहे. न्हावा शेवाला गाळ उपसून खोली राखावी लागते आणि तिथेही आता विस्ताराला मर्यादा आहे. प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे.

डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. याच वाढवणमध्ये नव्वदच्या दशकात एका परदेशी कंपनीने बंदराचा घाट घातला होता, तो डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये फेटाळला. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये अटींसह संमती दिली. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घातला जाणार आहे. तिथल्या मच्छीमारांचे म्हणणे आहे की हीच खडकाळ, उथळ पट्टी मासळीच्या विणीची जागा आहे. ती बुजली तर नुकसानभरपाईचा धनादेश एकदा येईल, मासळी पुन्हा येणार नाही. प्रशासन नोकऱ्या, प्रशिक्षण आणि मोबदला यांचे आश्वासन देते. उरणच्या लोकांनीही चार दशकांपूर्वी अशीच आश्वासने ऐकली होती आणि त्यांतल्या काहींच्या पूर्ततेसाठी तिथली दुसरी पिढी अजून कचेऱ्यांत खेटे घालते आहे.

वाढवणमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळीचा लिलाव अजून रोज होतो; तिथल्या ट्रॉलरवरचे खलाशी ज्या समुद्रात जाळी टाकायला जातात, त्यात डहाणूचा समुद्रही येतो.